पाणी बाधलं म्हणून

लग्न होऊन सासरी आले तेव्हा माझ्या अंगावर बोट ठेवायला एक डाग नव्हता. स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही. बघायला आलेल्या माणसांनी तेवढंच तर तपासलं होतं. बारावीची मार्कलिस्ट कुणी मागितलीसुद्धा नाही.

माझं माहेर तळेघरहून आत, डोंगरात. भात, नाचणी, आणि एसटी चुकली की पायपीट. सासर येडगावच्या धरणाजवळ, उसाच्या पट्ट्यात. सासरचे मूळचे आमच्याच भागातले, पण सासऱ्यांनी तरुणपणी खाली उतरून जमीन केली आणि मागून गुऱ्हाळ घातलं. मी आले तेव्हा सासरे नव्हते. घरात आम्ही तिघंच : सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणायचे, माझे मालक आणि मी. नव्वदीच्या दशकाचा मधला काळ तो. दारात मोटरसायकल, परसात नळ, घरात रंगीत टीव्ही. वाडीतल्या बायका आईला म्हणाल्या, "पोरगी सुखात पडली बघ." पडले खरी.

गुऱ्हाळ घरापासून हाकेच्या अंतरावर होतं. पावसाळ्यात ते बंद. दिवाळी झाली की उसाचा रस काढणारा चरक सुरू व्हायचा, मोठ्या काहिलीत रस उकळायला लागायचा, तो थेट उन्हाळा तापेपर्यंत. काहिलीखाली जाळायला रस काढून उरलेली उसाची चिपाडं असत. पण चिपाडं नीट वाळली नसली की जाळ धरत नाहीत, आणि गुळाला तर एकसारखा जाळ लागतो. म्हणून जोडीला जुने टायर. नारायणगावच्या पंक्चरवाल्यांकडून ते ट्रॉली भरून यायचे आणि तुकडे होऊन भट्टीत जायचे. आसपासची बरीच गुऱ्हाळं तेच करायची, त्यामुळं त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. टायर पेटला की धुराड्यातून काळा लोट निघायचा आणि वारा त्याला बहुतेक वेळा आमच्याच घराकडं हाकायचा. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मला मळमळलं. काही दिवसांनी तो येईनासा झाला. नाक फार लवकर सासरचं होतं.

संक्रांतीच्या सुमाराला गालांवर, मानेवर आणि कोपराच्या घडीत खाज सुटायला लागली. आधी बारीक पुरळ, मग लाल चट्टे, मग खाजवून खाजवून धरलेली खपली आणि खपली पडली की खाली काळा डाग. मान तर भेगाळलेल्या वाफ्यासारखी झाली. हळदीकुंकवाला एका घरी गेले. त्या घरच्या बाईनं कुंकवाचं बोट माझ्या कपाळापर्यंत आणलं, थांबली, आणि करंडाच पुढं केला. "तूच लाव गं बाई." वाणसुद्धा हातात न देता पाटावर ठेवलं. मी कुंकू लावलं, वाण उचललं, तिळगूळ घेऊन गोड गोड बोलले आणि घरी येऊन रडले. दुःखानं नाही, रागानं. तिच्या घरी जाऊन तो पाट उलटा करावा असं वाटत होतं.

मग उपाय सुरू झाले. कडुलिंबाच्या पाल्यानं आंघोळ झाली. अंगावर पित्त उठलं असेल म्हणून आमसुलाचं पाणी चोळून झालं. मेडिकलवाल्यानं न विचारता एक ट्यूब दिली. ती लावली की चारच दिवसांत चेहरा गोरा आणि गुळगुळीत व्हायचा, आणि सोडली की दुप्पट पेटायचा. टीव्हीवर त्या काळात गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती लागायच्या. त्यातली बाई गालावरून बोट फिरवायची, आणि मी मानेवरून कंगव्याची मागची बाजू फिरवत ते बघत बसायचे.

शेवटी आत्यांनी निदान केलं.

"हिला आपलं पाणी बाधलं," त्या म्हणाल्या. "डोंगरची पोर हाय. झऱ्याच्या पाण्यावर वाढली. हितलं धरणाचं पाणी तिला सोसंना."

मला ते लगेच पटलं. आईलाही पटलं. आमच्याकडं माणसाला जे काही होतं ते पाण्यानं होतं. पोट बिघडलं, केस गळले, पोर बारीक झालं, सगळं पाणी बाधून. हवापाण्यातलं पाणी तेवढं आम्हाला दिसायचं, हवा कुणाच्या हिशेबातच नव्हती. आणि धुराचं म्हणाल तर धूर आम्हाला औषध. बाळंतिणीला धुरी, तान्ह्या पोराला आंघोळीनंतर धुरी. मी स्वतः चुलीच्या धुरात वाढले. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतात तो राबाचा धूर दर उन्हाळ्यात गिळला. धुरानं कुणाचं काही बिघडतं हे कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो.

तर, पाणी बाधलं म्हणून माहेरचं पाणी आणायचं ठरलं. गोड्या तेलाचा पांढरा कॅन राखेनं घासून वर पाठवला. आमच्या वाडीच्या मागं कातळातून एक झरा येतो. आई कॅन भरायची, डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत यायची आणि भीमाशंकरहून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या पायापाशी ठेवायची. मंचरला मालक थांबायचे आणि मोटरसायकलवर तो घरी आणायचे. ओळखीचे ड्रायव्हर कुरकुर न करता आणत. भीमाशंकरच्या गाडीतून आलेलं पाणी म्हणून लोक ते तीर्थ समजत. एकदा स्टँडवर एका म्हातारीनं मालकांना अडवून ओंजळभर मागून घेतलं, अर्धं प्यायली आणि अर्धं नातवाच्या डोक्याला लावलं. मालक नको म्हणाले नाहीत. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. आमचे हे गुळासारखे. ज्या ढेपेच्या बादलीत ओताल तिचा आकार घेणार.

मी तेच पाणी प्यायचे, तोंडही त्याच पाण्यानं धुवायचे. आणि खरंच गुण आला. उन्हाळा तापला तशी खाज कमी झाली, पावसाळ्यात कातडी निवळली. नागपंचमीला बांगड्या भरताना कासारीण म्हणाली, "हात लई मऊ हायेत गं." आत्या गावभर सांगत सुटल्या, "मी वळखलं व्हतं. पाणीच व्हतं ते." गुऱ्हाळ उन्हाळ्यात बंद झालं होतं आणि खाजही त्याच सुमाराला थांबली होती, हे आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दिवाळी झाली. चरक सुरू झाला. पौष संपायच्या आत माझी मान पुन्हा पेटली.

आता मात्र आत्यांच्या नजरेत फरक पडला. पाणी तर वरूनच येत होतं, एक खेप चुकली नव्हती. मग काय? आधी त्यांनी मला विचारलं, "चोरून नळाचं पेतीस का?" मी नाही म्हणाले. मग त्यांना आईचा संशय आला. "त्या बी कशाला मरायला झऱ्यावर जात्यात? रस्त्याच्या हापशाचं भरून देत असतील." मला हे झोंबलं. मी म्हणाले, "माझी आई तसली नाही." आत्या म्हणाल्या, "मग पोरगीच तसली असंल." घरात येणाऱ्या-जाणाऱ्या नातलगांनी त्यात फोडणी घातली. आजारी मुलगी गळ्यात मारली, आधीच काहीतरी असणार, उद्या लेकरांना झालं तर? मालक खाली मान घालून ऐकायचे आणि गुऱ्हाळावर निघून जायचे.

शिमग्याच्या आधी आत्यांनी ठरवलं. मला वर नेऊन सोडायचं. "बरी झाली की धाडा म्हनू," त्या मालकांना म्हणाल्या. आमच्याकडं "बरी झाली की धाडा" म्हणून माहेरी ठेवलेल्या मुली मी लहानपणापासून बघत आले होते. त्या कधी बऱ्या होत नाहीत. नवरा दुसरी करतो, आणि ह्या भावाच्या पोरांची धुणी धुतात. मी पिशवी भरली तेव्हा मालक दारात उभे होते. मी त्यांना म्हणाले, "तुम्ही काहीच बोलणार नाही?" ते म्हणाले, "आईचा राग शांत व्हऊ दे." मला त्या क्षणी त्यांची किळस आली. खोटं कशाला सांगू.

आत्या स्वतः मला सोडायला आल्या. रात्रीला परत फिरायचं म्हणून अंगावरच्या लुगड्यानिशी. तळेघरच्या पुढं एसटीतून उतरलो, वाडीची वाट धरली, आणि उताराला एका सुट्या दगडावरून त्यांचा पाय मुरगळला. घोटा बघता बघता सुजला. मी त्यांना धरून, बसवत, उठवत घरी नेलं. मला सोडायला आलेल्या बाईला मीच उचलून माझ्या माहेरी नेत होते. चीड आली होती, आणि थोडं हसूही.

आईनं हळद-तुरटीचा लेप घातला. पाय टेकवेना. वाडीतून रस्त्यापर्यंत जायचं तर चालूनच, दुसरी सोय नाही. आत्या अडकल्या. आईनं आपली दोन लुगडी त्यांना नेसायला दिली आणि ज्या कारणासाठी त्या आल्या होत्या त्याबद्दल एक शब्द काढला नाही. आईला ते कळलं नव्हतं असं नाही. तिनं माझी पिशवी बघितली होती.

काही दिवसांनी आत्या काठी घेऊन चालू लागल्या. एका सकाळी त्या आईच्या मागं झऱ्यावर गेल्या. मला वाटतं, खात्री करायलाच. मीही मागून गेले. शिमगा झाला की आमच्या झऱ्याला धार राहत नाही. जिथं मुंबईला ऐकू जाईल एवढा पाऊस कोसळतो, तिथं उन्हाळ्यात कातळाच्या खळगीत पाणी नुसतं पाझरतं. बायका ओळीनं बसलेल्या असतात. खळगीत वाटीभर पाणी साठलं की ते वाटीनं उचलायचं, हंड्यात ओतायचं, पुन्हा साठायची वाट बघायची. आई बसली, वाटी लावली. आत्या बराच वेळ काठीवर भार टाकून बघत राहिल्या.

"ईनबाई," त्या शेवटी म्हणाल्या, "आमचा कॅन बी असाच भरत व्हता?"

"मग कसा?" आई म्हणाली. "हितं काय नळ हाय?"

"मागच्या उन्हाळ्यात बी?"

"पोरीला गुण येत व्हता ना."

आत्या खाली बसल्या, सुजलेला पाय पुढं पसरून. आईच्या हातातली वाटी त्यांनी घेतली आणि हंडा भरेपर्यंत परत दिली नाही. त्या दिवसापासून झऱ्यावर त्याच जायच्या.

तिथं राहून, आईनं धुऊन वाडीत वाळवलेले कपडे घालून माझी मान निवळायला लागली. त्याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही, झऱ्याचं पाणी होतं. पण एक दिवस ओसरीत तांदूळ निवडताना आत्यांनी स्वतःचे हात पुढं धरले आणि उलटेसुलटे करून बघितले. त्यांच्या हातांवर, मानेवर, कमरेच्या कडेला खरखरीत काळे पट्टे होते. मी ते पहिल्या दिवसापासून बघत आले होते आणि वयाचे समजत होते. आता त्यांच्या कडा फिकट झाल्या होत्या.

"खाज थांबली माजी," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला खाज होती?"

"व्हती की. गुऱ्हाळ घातल्यापास्नं. कुनाला सांगायची? तुजा सासरा म्हनायचा, उष्णता हाय, ताक पी." तांदळातला एक खडा बाजूला टाकून त्या म्हणाल्या, "मी बी वरचीच. पर मला कुनी पानी आनलं न्हाई. मग सवय झाली खाजवायची."

ज्या बाईचा मला एवढा राग होता, तिच्या अंगावर माझंच दुखणं होतं, आणि ते तिनं कुणालाच न सांगता कित्येक वर्षं पदराखाली ठेवलं होतं. राग गेला नाही, पण तो धरून बसायला जागा राहिली नाही.

अजूनही आम्ही सगळ्या पाण्याचंच गुणगान गात होतो. पाडव्याच्या आधी मालक आईला न्यायला आले. म्हणजे त्यांच्या आईला. माझं काय ते विचारायची त्यांची छाती नव्हती. त्यांनी आत्यांच्या घरच्या लुगड्यांचं गाठोडं आणलं होतं, धुतलेलं, घडी घातलेलं. आत्यांनी हौसेनं आईचं लुगडं सोडलं आणि स्वतःचं नेसलं. दुपारपर्यंत त्यांची कंबर आणि मान लाल झाली.

त्या चुलीपाशी उभ्या राहिल्या, पदर नाकाला लावला आणि एकदम दूर केला.

"हे काय रं?" त्यांनी मालकांना विचारलं. "ह्याला टायराचा वास येतोय."

"धुतलंय की, आई. दोरीवर वाळत घातलं व्हतं."

"कुटल्या दोरीवर?"

दोरी एकच होती. घर आणि गुऱ्हाळ यांच्या मधली.

आत्यांनी तो पदर माझ्या नाकाशी धरला. इतक्या दिवसांनी मलाही तो वास आला, पहिल्या दिवशीसारखाच, मळमळ आणणारा. मग त्यांनी तो मालकांच्या नाकाशी धरला. त्यांना काहीच येईना. ते म्हणाले, "लुगड्याचाच वास हाय."

"पानी तर हेच पेतीय मी," आत्या म्हणाल्या. "हीच वाटी, हाच झरा. आन् लुगडं नेसलं तर अंग पेटलं. म्हंजी पानी न्हाईच. तुजा धूर हाय तो. पोरीच्या अंगावर रोज तोच पडतोय, माज्या बी, आन् मी त्या पोरीला..."

लुगडं सोडून त्यांनी आईचं पुन्हा नेसलं.

मालकांनी त्यांच्या परीनं बाजू मांडली. सगळेच जाळतात. चिपाडं ओली असतात. जाळ कमी पडला की गूळ काळा येतो. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी हिला हितं सोडाया आले व्हते. आता घेऊन जाणार हाय. खाली गेल्यावर भट्टीत टायर दिसला, तर आमी दोघी परत वर येऊ. तू रांध आन् खा." नाही म्हणणं मालकांच्या स्वभावात नव्हतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या उपयोगी पडलं.

टायर बंद झाले. ते सोपं गेलं असं नाही. चिपाडं आधी पसरून वाळवावी लागायची, झाकून ठेवावी लागायची, जोडीला बाभळीची लाकडं आणावी लागायची. मालक वर्षभर तोंड फुगवून होते. शेजारच्या गुऱ्हाळांचा धूर येतच राहिला, त्यामुळं माझी मान कधीच लग्नातल्यासारखी झाली नाही. कपडे आम्ही घरात वाळवायला लागलो. बाहेरून आलं की तोंड, मान, हात धुवायचे आणि वर खोबरेल लावायचं, हा नियम झाला. पुढं पुण्यात एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी मेडिकलच्या त्या ट्यूबवरून मला चांगलं झापलं. कातडी पातळ करून ठेवली होती तिनं. त्या म्हणाल्या, काजळी आणि धुरातले बारीक कण घामाबरोबर अंगाला चिकटतात, कातडीवरचा तेलाचा थर बिघडवतात, मग ती कोरडी पडते, भेगाळते, आणि त्या भेगांतून आत जे जातं त्यानं आग होते. वरती काळे डाग राहतात ते राहतातच. हे सगळं आत्यांना मी घरी येऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "लुगड्यानं सांगितलं व्हतं की."

दोन हजार सालानंतर आमचं गुऱ्हाळ बंदच झालं. ऊस कारखान्याला जायला लागला. नाशिक रस्त्याची रहदारी वाढत गेली, आणि गाड्यांचा धूर आणि धूळ यांवर वाढलेली पोरं गाल खाजवत दवाखान्यात दिसायला लागली. त्यांच्या आया म्हणतात, पाणी बाधलं. मी जमेल तिथं सांगते. काही ऐकतात.

पण सांगायचं होतं ते कॅनचं. पाणी आणणं थांबल्यावर तो फडताळावर रिकामा पडून होता. पुढच्या उन्हाळ्यात आत्यांनी तो खाली काढला, राखेनं घासला आणि परसातल्या नळाखाली लावला. मी विचारलं, "कुणाला?" त्या म्हणाल्या, "झरा आटला असंल आता." मालक हसले, म्हणाले, एका कॅननं काय होणार. आत्या म्हणाल्या, "त्यांनी एकेक वाटीनं भरला तवा न्हाई तू इचारलंस."

ड्रायव्हरपाशी न देता त्या स्वतः मला घेऊन निघाल्या. रस्त्यापासून वाडीपर्यंत कॅन आम्ही आळीपाळीनं डोक्यावर घेतला. आई ओसरीत होती. आत्यांनी तांब्या मागितला, कॅनमधलं पाणी ओतलं आणि आईच्या हातात दिलं. मग शेजारी बसून तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

आईनं तांब्या संपवला आणि पदरानं तोंड पुसलं. "गोड हाय की वो, ईनबाई," ती म्हणाली.

खालचं पाणी आईला बाधलं नाही. ते कधी कुणाला बाधलंच नव्हतं.